गादीवाल्याच्या लेकीचा खोकला

माणसाच्या बहुतेक दुःखांचं मूळ तो ज्यावर झोपतो त्यात असतं, असं गादीवाल्याचं ठाम मत होतं. पाठ धरली, मान अवघडली, एवढं तर कुणीही सांगेल. पण नवरा-बायकोची कुरबुर, परीक्षेत गटांगळ्या खाणारी मुलं, म्हाताऱ्यांचा तिरसटपणा हेही त्याच्या मते गादीतल्या गोळ्यांमुळेच होत असे. रात्रभर अंगाला गोळे टोचले की माणूस सकाळी उठून दुसऱ्याला टोचतो, इतका तो साधा मामला होता. गिऱ्हाईक कसलीही तक्रार घेऊन आलं की तो वैद्यानं नाडी बघावी तशी गादी दाबून बघे आणि म्हणे, "मऊ करून देतो." गादी आखूड पडते? मऊ करून देतो. भावाभावांत वाटणी झाली, एकीच्या दोन करायच्यात? करतो, आणि मऊ करून देतो. त्यावरून गल्लीनं त्याला मऊभाऊ म्हणायला सुरुवात केली. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीवर कापसाची धूळ इतकी बसली होती की ते वाचायची सोय राहिली नव्हती.

दुकान लांबट आणि अरुंद. पुढे शिवून तयार गाद्यांची चळत, मागच्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र. यंत्र सुरू झालं की मागे पांढरं धुकं उठे आणि मऊभाऊ त्यात दिसेनासा होई. संध्याकाळी तो बाहेर येई तेव्हा त्याचं वय वीस वर्षांनी वाढलेलं असे. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कानांच्या पाळ्यांवर पांढरी लव. घरी जाऊन अंघोळ केली की तो पुन्हा चाळिशीत येई. थंडीच्या दिवसांत मात्र तो आहे त्या वयातच जेवून झोपे. त्याला स्वतःला खोकला होताच, पण तो त्याच्या हिशेबी खोकला नव्हता. घसा साफ करणं होतं, आणि ते तो वर्षानुवर्षं करत आला होता.

बायको पूर्वी दुकानात बसून गाद्यांच्या खोळी शिवायची. तिचा टाका सरळ होता आणि बोलणं तिरकं. लग्नाला बरीच वर्षं उलटल्यावर, शेजारणींनी विचारायचं आणि नातेवाइकांनी सुचवायचं सोडून दिल्यावर, त्यांना मुलगी झाली. दुपट्यात गुंडाळलेलं ते गाठोडं मऊभाऊनं हातावर तोलून पाहिलं. मग म्हणाला, "अगं, हे तर फुटायला आलेलं कापसाचं बोंड." झालं. कागदोपत्री नाव वेगळं पडलं, घरात ती बोंडू राहिली.

बोंडूची गादी तिच्या आधीच जन्मली होती. त्यासाठी त्यानं साधा कापूस घेतला नाही, सावरीचा घेतला. फुंकर मारली तर उडून जाईल असा. खोळीला बायकोचं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड. टाके इतके बारीक की दाभणाऐवजी साधी सुई वापरली. गादी झाली तेव्हा ती गादीपेक्षा ढगासारखी दिसत होती, आणि तिच्यावर बाळ ठेवलं की बाळ आत जाई.

"पोरगी कुठंय रे?" आक्कानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"गादीत आहे."

"गादीवर म्हण. गादीत असेल तर आधी बाहेर काढ."

आक्का म्हणजे मऊभाऊची थोरली बहीण. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होती. नवरा गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर भावाच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत येऊन राहिली. बस सुटली होती, पण आवाज सुटला नव्हता. ती घरात चहासुद्धा मागे सरका, पुढे चला याच चालीत देत असे.

मऊभाऊची आणि त्याच्या लेकीची ओळख मात्र व्हायची राहून गेली होती. बोंडू जागी व्हायच्या आत तो दुकानात गेलेला असे आणि ती झोपल्यावर परतलेला. दुकानाला सुट्टी नव्हती, कारण लोक गाद्या आणतात त्या संध्याकाळी, नाहीतर त्यांच्या सुट्टीच्या दिवशी. तिला दात आला, ती पालथी पडली, ती बसायला लागली, हे सगळं त्याला जेवताना कळे, गावात कुणाकडे काय झालं ते कळावं तसं. "हो का?" तो म्हणे, आणि आतल्या खोलीच्या अंधारात डोकावून येई. तिथं फक्त श्वास असे.

आणि मग तिला खोकला झाला.

सुरुवात सर्दीनं झाली. सर्दी आठवड्यात गेली, खोकला राहिला. दिवसा बोंडू ठणठणीत असे, रांगे, भांडी वाजवी. रात्री गादीवर ठेवली की थोड्या वेळानं घशात काहीतरी खवखवे, एक लहानसा खोकला येई, मग दुसरा, मग ती उठून रडू लागे. पहिल्या रात्री मऊभाऊ इतका घाबरला की उशी कडेवर घेऊन उभा राहिला. बायकोनं उशी काढून तिथं मूल दिलं. त्यानं तिला छातीशी उभं धरलं, खिडकीपाशी खुर्चीवर बसला, आणि हळूहळू खोकला निवला. पण बोंडू झोपली नाही. ती त्याच्या बनियनच्या बाहीवरचे कापसाचे तंतू एकेक करून उपटत बसली. प्रत्येक तंतू तोंडाजवळ नेई, नीट पारखे, आणि त्याच्या मिशीला चिकटवून परत करी.

आठ महिन्यांत पहिल्यांदाच बापलेक एकाच वेळी जागे होते.

दुसऱ्या रात्री तो खोकल्याच्या आधीच उठून बसला. तिसऱ्या रात्रीपासून तर तो दुकानातून येतानाच काहीसा घाईत असे. बायकोच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

"द्या इकडे. सकाळी दुकान उघडायचंय."

"असू दे. तू झोप."

"रोज काय असू दे?"

"बसलीय ना गप. बोलतोय आम्ही."

"काय बोलताय अंधारात?"

"धंद्याचं."

आणि खरोखरच तो तिच्याशी धंद्याचं बोलत असे. कुठला कापूस लांब धाग्याचा, कुठला नुसता फुगतो आणि महिनाभरात बसतो, फोमच्या गादीवर माणूस झोपतो कसा आणि झोपला तरी उठतो कसा. बोंडू गंभीरपणे ऐके. मध्येच खोके. तो पाठीवरून हात फिरवी. खोकला थांबावा असं त्याला मनापासून वाटे, फक्त लगेच थांबावा असं वाटत नसे. ही गोष्ट तो कुणाला सांगणार नव्हता. स्वतःलाही त्यानं ती सांगितली नव्हती.

घरात उपायांची कमतरता नव्हती. आक्काचा भर मधावर होता, त्याखालोखाल बाळाच्या डोक्याशी उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवण्यावर. शेजारणीनं खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली आणून दिली होती. तिच्या थोरल्याला लागू पडली होती, तो आता कॉलेजात होता. बायकोनं मध फळीवर चढवला, बाटली त्याच्यामागे ठेवली, आणि पातेलं आक्काच्या अंघोळीला वापरलं. मऊभाऊ या वादात पडला नाही. त्याला कारण माहीत होतं. सावरीचा कापूस दबला होता, गोळे झाले होते.

त्यानं गादी दुकानात नेली, टाके उसवले, कापूस पुन्हा पिंजला, भरला, शिवला. गादी फुगून आली. त्या रात्री खोकला वाढला. त्यानं पुढच्या आठवड्यात पुन्हा पिंजली आणि वर दोन लहान उशा करून आणल्या, डोकं उंच राहावं म्हणून. खोकला आणखी वाढला. त्यावरून त्यानं निष्कर्ष काढला की गादी अजून पुरेशी मऊ झालेली नाही. जगातले पुष्कळ मोठे निर्णय याच पद्धतीनं घेतले जातात, त्यामुळे त्याला हसण्यात अर्थ नाही.

शेवटी बायकोनं दवाखाना गाठला. तिच्याबरोबर आक्का निघाली, आणि मुलीचं काही असेल तर मी नको का, म्हणून मऊभाऊनं दुकानाला कुलूप घातलं. गल्लीला वाटलं, कुणीतरी गेलं.

डॉक्टरबाई सावकाश बोलणाऱ्या होत्या. त्यांनी बोंडूला आधी टेबलावरचं एक कान तुटलेलं हत्तीचं खेळणं दिलं, मग छाती तपासली, कान पाहिले, घसा पाहिला, श्वास मोजला.

"खोकला कधी येतो?"

"रात्री झोपली की," बायको म्हणाली. "मग अधूनमधून पहाटेपर्यंत."

"दिवसा झोपते तेव्हा?"

बायको उत्तर द्यायला गेली आणि थांबली. "दिवसा… दिवसा नाही येत. दिवसा ती बाहेरच्या खोलीत झोपते. सतरंजीवर."

"आणि रात्री?"

हा प्रश्न आपला आहे हे मऊभाऊनं ओळखलं. तो जरा ताठ बसला. "रात्री गादीवर. मी स्वतः केलेली. अस्सल सावरी. मागच्याच आठवड्यात पुन्हा पिंजलीय."

"उशी?"

"दोन."

"तुम्ही काय करता?"

"गाद्या."

"विकता?"

"पिंजतो, भरतो, शिवतो. मग विकतो."

"घरी आल्यावर अंघोळ, कपडे बदलणं?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. बायको छताकडे बघत होती. "करतो ना," तो म्हणाला. "म्हणजे उन्हाळ्यात."

डॉक्टरबाईंनी हात पुढे केला, त्याच्या कॉलरवरून कापसाचा एक तंतू उचलला आणि टेबलावर ठेवला. पुरावा म्हणून तो फार हलका होता. पंख्याच्या वाऱ्यानं उठला आणि बोंडूच्या हातातल्या हत्तीवर जाऊन बसला.

"हे बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "छाती स्वच्छ आहे. ताप नाही, वजन वाढतंय, दूध घेते, खेळते. आज घाबरण्यासारखं काही नाही. धुळीनंच होतंय असं मी छातीठोक सांगणार नाही. सर्दीनंतरचा खोकला तसाही काही आठवडे रेंगाळतो. पण जे काढता येतं ते काढून बघू. गादी काढा. उशा काढा. वर्षाच्या आतल्या बाळाला उशी नकोच, आणि अशी मऊ गादी खोकला नसता तरी नको. तोंड रुतलं तर श्वास कोंडतो. पाठीवर झोपवायचं, सपाट आणि घट्ट गादीवर."

"घट्ट म्हणजे किती?" मऊभाऊनं विचारलं.

"हात दाबला तर खड्डा पडायला नको."

"ती फळी झाली, बाई."

"फळीला चादर घातली असं समजा."

आक्कानं घसा साफ केला. "मध?"

"वर्ष होईपर्यंत अजिबात नाही."

"बोटाला लागेल एवढा?"

"बोटाला लागेल एवढासुद्धा नाही. एवढ्या लहान बाळाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते. खोकल्याचं औषधही मनानं द्यायचं नाही. या वयात त्याचा उपयोग नाही, अपाय होऊ शकतो."

"आणि वाफ?"

"उकळतं पाणी बाळापासून लांब. त्यानं भाजलेली मुलं येतात माझ्याकडे. खोकला तसाच असतो."

आक्काच्या पिशवीतले सगळे उपाय संपले. ती खुर्चीत मागे सरकून बसली, हे तिच्या आयुष्यात क्वचितच घडलं असेल.

डॉक्टरबाईंनी झोपायच्या आधी नाकात घालायला मिठाच्या पाण्याचे तयार थेंब लिहून दिले. चादरी गरम पाण्यात धुवायला सांगितल्या, खोली झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसायला सांगितली. खोकला आला तर उभं धरा, निवला की पुन्हा खाली ठेवा. "खुर्चीत तिला छातीवर घेऊन तुम्हाला झोप लागत नाही ना?"

"छे," मऊभाऊ म्हणाला. "झोपतंय कोण."

"लागू देऊ नका. आणि हे नीट ऐका सगळ्यांनी. श्वास भराभर चालला, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले, ओठ निळसर दिसले, दूध घेईना किंवा नुसती मलूल पडून राहिली, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. तडक दवाखान्यात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मऊभाऊ अजून बसूनच होता.

"आणि मी?" तो म्हणाला.

"तुम्ही आधी अंघोळ, धुतलेले कपडे, मग घर. हे कायमचं. आणि पुढचे दोन-तीन आठवडे तिच्या खोलीत झोपू नका. फरक कशानं पडतो ते कळू दे."

आयुष्यभर तो सांगत आला होता की दुखण्याचं मूळ गादीत असतं. पहिल्यांदाच एका शिकल्यासवरल्या माणसानं त्याचं म्हणणं मान्य केलं होतं, आणि ते ऐकून त्याला मुळीच आनंद झाला नाही.

घट्ट गादी समोरच्या फोमवाल्याकडे मिळत होती. दोघांमध्ये रस्ता तेवढा होता, पण तो मऊभाऊनं कधी ओलांडला नव्हता. आता त्यानं दुपारची वेळ साधली. फोमवाला बिलांतून डोकं वर न काढता म्हणाला, "या, बसा," आणि मग वर बघून उभाच राहिला.

"मऊभाऊ! आज सूर्य कुठून उगवला?"

"लहान गादी हवीय. पाळण्याच्या मापाची. घट्ट."

"घट्ट?" फोमवाल्याला शब्द पुन्हा ऐकायचा होता.

"घट्ट."

"किती घट्ट म्हणता?"

"तुमच्याकडची सगळ्यात वाईट द्या."

"म्हणजे सगळ्यात चांगली." फोमवाल्यानं एक चौकोनी वडी काढली, तिच्यावर मूठ आपटली. मूठ परत आली. "कुणासाठी?"

मऊभाऊ खोटं बोलायचं ठरवून आला होता. "लेकीसाठी," तो म्हणाला.

फोमवाल्याच्या तोंडावर आलेली कोटी तिथंच राहिली. त्यानं गादीवरची धूळ पुसली, प्लास्टिक काढून टाकलं, दोनदा झटकली. "बाळाची असेल तर एक-दोन दिवस वाऱ्यावर टाका, वास जाऊ दे," एवढंच म्हणाला, आणि दारापर्यंत सोडायला आला.

मऊभाऊ दुकानात झोपायला गेला. बाहेरच्या खोलीत आक्का होती, आणि आक्काला हलवणं म्हणजे भरलेली बस ढकलणं. दुकानात गाद्यांची चळत होती, हवी ती घ्यावी. साऱ्या शहरात इतक्या मऊ जागी कुणी झोपत नसेल, आणि इतकं कमी कुणी झोपत नसेल. रात्री जेवायला तो घरी जाई. आक्का न्हाणीघराच्या दाराशी उभी असे. "आधी अंघोळ. जेवण मागून. डोकं धुतलंस? कान? चल, पुढे हो." जेवण झालं की तो आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी उभा राही. त्या फोमच्या वडीवर बोंडू हातपाय पसरून झोपलेली असे, आणि आता ती संपूर्ण दिसे. एवढी लांब झालीय हे त्याला माहीत नव्हतं. गादीत तिचं नुसतं नाक वर असे. तो उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसे. बायको "या की, अंघोळ झालीय ना," म्हणाली तरी नाही. त्याला आता स्वतःचा भरवसा वाटत नव्हता. आपल्या अंगातूनच धूळ येत असेल अशी शंका त्याला होती.

सकाळी आक्का डबा घेऊन दुकानात येई आणि रात्रीचा अहवाल देई.

"काल तीनदा. पण थोडा वेळच."

"उभं धरलं होतं?"

"नाही, लोंबकळत ठेवलं होतं. अरे, धरलं होतं ना!"

मग दोनदा झालं. मग एकदा. एके दिवशी आक्का डबा ठेवून म्हणाली, "काल नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. रात्रभर गाढ."

"एकदासुद्धा नाही?"

"एकदासुद्धा नाही."

"तुला झोपेत ऐकू आलं नसेल."

"मला? मागच्या बाकावर कुणी तिकीट न काढता डोळे मिटून बसलं तरी मला पुढून कळायचं." आक्का बोलता बोलता थांबली आणि भावाकडे बघू लागली. फुकट्या प्रवाशाकडे बघायची तशी. "तुला वाईट वाटलं का रे?"

"काहीतरीच."

"तोंड बघ आरशात."

त्यानं यंत्राकडे तोंड फिरवलं. ते बंद होतं, तरी तो त्याचा पट्टा तपासत राहिला. "तसं नाही, आक्का. बरी झाली ते चांगलंच झालं. माझ्यानंच होत होतं, माझ्यावाचून थांबलं. हिशेब बरोबर आहे. पण ती रात्री उठायची ना… तेवढीच भेट होती. दुसरी कुठली भेट आहे आमची?"

आक्का भावाच्या पाठीवर हात ठेवणाऱ्यांतली नव्हती. तिनं चळतीतली एक गादी ओढली आणि तिच्यावर बसली. "वीस वर्षं मी सकाळची गाडी केली," ती म्हणाली. "माझा मुलगा शाळेत जायचा ते मी बघितलं नाही. आता तो तिकडे लांब आहे, फोन करतो, विचारतो, कशी आहेस. मी म्हणते बरी आहे. मग दोघांना काही सुचत नाही." ती उठली, डब्याचं झाकण उघडून दिलं. "रात्र गेली तर गेली. दिवस कुणाला देऊन टाकलायस? जेव."

डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासलं आणि घरी झोपायला हरकत नाही म्हणाल्या. धुऊन-पुसून, आणि पलंग वेगळा. पहिल्या रात्री मऊभाऊनं दोनदा अंघोळ केली. भिंतीकडेच्या पलंगावर पडून तो वाट बघू लागला. बोंडूनं कूस बदलली. तो उठून बसला.

"काही नाही," बायको अंधारात म्हणाली. "झोपा."

"हात हलवला तिनं."

"हात आहेत म्हणून हलवला. झोपा."

बऱ्याच वेळानं बोंडू एकदाच खोकली. तो उभा राहिला, पोचला, वाकला. तोवर ती पुन्हा झोपली होती, तोंड किंचित उघडं, पोट संथ वरखाली. त्याचे हात तिच्यावर धरलेलेच राहिले.

"बाळं अधूनमधून एखादवेळ खोकतातच," बायको म्हणाली. आता तिच्या आवाजात तिरकेपणा नव्हता. "उचलू नका. मोडेल झोप."

"नाही उचलत."

"चांगलं झालंय हे, कळतंय ना?"

"मी कुठं वाईट म्हणालो?"

तो परत पलंगावर आला. तिला आता रात्री कुणाचीच गरज नव्हती, आणि तो मात्र पहाटेपर्यंत जागा राहिला. सवय दोघांना लागली होती, सुटली एकीचीच.

त्या आठवड्यात दुकानाच्या दारावर पुठ्ठा लागला: संध्याकाळी बंद. दिवेलागणीच्या आधीच मऊभाऊ शटर ओढू लागला. गिऱ्हाइकं चक्रावली. नोकरीवरून आल्यावर गादी टाकून जाणारे लोक बंद दारासमोर गाद्या घेऊन उभे राहत, आणि मग काहीजण रस्ता ओलांडून समोर जात. फोमवाल्यानं एकदा हात वर करून नमस्कार केला. त्यात चेष्टा होती की आभार, ते मऊभाऊनं ठरवलं नाही.

तो उजेडी घरी येऊ लागला. न्हाणीघरातून थेट बाहेरच्या खोलीत. ओले केस, इस्त्रीचा शर्ट, हात पुढे. बोंडूनं वर पाहिलं, खालचा ओठ बाहेर आला, आणि ती जी रडायला लागली ती आक्काच्या पदराआड जाऊन थांबली.

"काय झालं तिला?"

"या वयात मुलं नवख्या माणसाला रडतातच," बायको म्हणाली.

"मी नवखा?"

"उजेडात, हो."

ते खरं होतं. दवाखान्यातसुद्धा तिची नजर हत्तीवरून हलली नव्हती. बोंडूनं बाप ओळखला होता तो अंधारातला. एक छाती, एक घोगरा आवाज, कापसाचा वास, उपटायला तंतू. समोर उभ्या असलेल्या या साबणाचा वास मारणाऱ्या, काळ्या मिशांच्या गृहस्थाला तिनं कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं बोलून पाहिलं. आवाज ऐकून ती थबकली, आवाज कुठून येतोय ते शोधत दाराकडे बघू लागली, आणि तो आवाज त्या गृहस्थाच्या तोंडातून येतोय हे दिसल्यावर पुन्हा रडली.

"लांब बस," आक्का म्हणाली. "अंगावर जाऊ नकोस. येईल तेव्हा येईल."

मग तो रोज संध्याकाळी भिंतीला टेकून जमिनीवर बसू लागला. बोलावत नसे, हात पुढे करत नसे. बायको भाजी चिरी, आक्का शेजारणीशी दारातून वाद घाली, बोंडू खोलीभर रांगे. तिची वाट त्याला वळसा घालून जाई. सुरुवातीला मोठा वळसा, पुढे पुढे लहान. रडणं थांबलं. एकदा तिनं त्याच्यासमोर एक डबा आणून ठेवला, पण तो त्याला दिला होता की तिथं विसरला होता, यावर घरात एकमत झालं नाही.

त्या सुमाराला ती धरून उभी राहायला लागली होती. पलंगाचा पाय, दाराची चौकट, पाण्याचं पिंप, आक्काची चप्पल ठेवायची फळी. हाताला लागेल ते धरायचं, गुडघे थरथरवत उठायचं, आणि विजयी मुद्रेनं इकडेतिकडे बघायचं. त्या संध्याकाळी ती भिंतीच्या कडेकडेनं येत होती. आधार शोधणारा हात भिंतीवरून घसरत आला, मध्ये मऊभाऊचा उभा गुडघा लागला. हातानं गुडघा चाचपला. पुरेसा घट्ट होता. दुसरा हात आला. तिनं गुडघा धरला आणि उभी राहिली.

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिची पाठ त्याच्याकडे अर्धवट वळलेली होती, नजर खिडकीतल्या कावळ्यावर. टाळूवरचे केस त्याच्या हनुवटीपासून वीतभर अंतरावर होते. हात उचलायचा मोह त्याला कोपरापर्यंत आला.

"मऊ," आक्का आत येता येता म्हणाली, "जरा सरक, मला पलीकडे—"

"आक्का," तो ओठ न हलवता म्हणाला, "थांब."

आणि आक्का, जन्मात पहिल्यांदाच, कुणालाही पुढे न ढकलता दारात उभी राहिली.